म्युच्युअल विमा कंपनी शेअर कंपनी होताना पॉलिसीधारकांना कळवायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या बॅक-ऑफिसमध्ये तुमची टीम अमेरिकेतल्या एका म्युच्युअल जीवनविमा कंपनीच्या पॉलिसींचं काम बघते. ती कंपनी आता भागधारकांची कंपनी होणार, म्हणजे डीम्युच्युअलायझेशन, आणि पॉलिसीधारकांच्या नोटिशीची तयारी तुमच्याकडे आली आहे. नोटीस किती दिवस आधी द्यायची, पाकिटात काय काय घालायचं आणि पाकीट परत आलं तर काय करायचं, हे तुम्ही विचारलंय.

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्यांच्या आधी एक चौथा प्रश्न येतो आणि सगळा घोळ तिथेच होतो: पाकीट पाठवायचं कुणाला? पत्राच्या मजकुरावर वकिलांची फौज बसलेली असते, एकेका स्वल्पविरामावरून ईमेल झडतात. यादीवर मात्र दोनच जण असतात आणि त्यातला एक रजेवर असतो. मजकुरात चूक झाली तर खुलाशाचं पत्र पाठवता येतं. यादीतून माणूसच सुटला तर तो काही वर्षांनी वकील घेऊन येतो, आणि तेव्हा वाटप होऊन गेलेलं असतं.

नोटीस का द्यावी लागते हे एकदा नीट समजलं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. म्युच्युअल कंपनीला भागधारक नसतात. पॉलिसी घेणारा ग्राहकही असतो आणि सभासदही. सभासद म्हणून त्याला संचालक निवडायला मत असतं आणि कंपनी कधी गुंडाळली गेलीच तर उरलेल्या पुंजीत वाटा असतो. रूपांतरात हे दोन हक्क जातात आणि बदल्यात शेअर, रोख रक्कम किंवा पॉलिसीत जमा असं काहीतरी मिळतं. हक्क काढून घ्यायचे तर त्या माणसाचं मत घ्यायला हवं, आणि मत घ्यायचं तर त्याला आधी कळवायला हवं. अमेरिकेत याला आणखी एक पदर आहे. वाटपाचे शेअर बहुधा १९३३ च्या सिक्युरिटीज ॲक्टमधल्या कलम ३(ए)(१०) च्या सवलतीखाली, नोंदणी न करता दिले जातात. त्या सवलतीची अटच अशी आहे की सरकारी अधिकाऱ्यासमोर योजनेच्या रास्तपणाबद्दल सुनावणी व्हावी, ज्यांना शेअर मिळणार त्या सगळ्यांना तिथे येता यावं आणि त्यांना पुरेशी व वेळेत सूचना मिळालेली असावी. म्हणजे नोटीस लंगडी पडली तर शेअरवाटपाचा पायाच हलतो. क्लायंटचा प्रोजेक्ट मॅनेजर छपाईचा खर्च कमी करायला निघाला की त्याला हे कलम दाखवा.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधीच सांगतो. अमेरिकेत विम्याचा कायदा राज्यागणिक वेगळा असतो, आणि इथे कंपनीची नोंदणी ज्या राज्यात झाली त्या राज्याचा कायदा लागतो. पॉलिसीधारक कुठे राहतो याने फरक पडत नाही. न्यूयॉर्कच्या कलम ७३१२ खाली पडलेल्या मतांपैकी दोन तृतीयांश बाजूने लागतात. इतर राज्यांत आकडे आणि मुदती वेगळ्या. शिवाय रूपांतराचे प्रकार वेगळे. पूर्ण डीम्युच्युअलायझेशनमध्ये मोबदला मिळतो. लहान सामान्य विमा कंपन्यांत बऱ्याचदा फुकट शेअर मिळत नाहीत, फक्त ठरलेल्या मुदतीत शेअर विकत घेण्याचा हक्क मिळतो. म्युच्युअल होल्डिंग कंपनीच्या प्रकारात तर सभासदत्व वरच्या कंपनीकडे सरकतं आणि हातात काहीच पडत नाही. हे पत्रात आडवळणाने लिहिणं हा मला सर्वात मोठा दोष वाटतो. 'तुम्हाला शेअर किंवा पैसे मिळणार नाहीत' हे वाक्य पहिल्या पानावर, सरळ हवं.

आता यादी. सुरुवात पात्रता तारखेपासून. बहुतेक योजनांत संचालक मंडळाने ठराव मंजूर केला ती तारीख धरतात, आणि त्या दिवशी जी पॉलिसी अंमलात होती तिचा मालक पात्र. ऐकायला सोपं आहे. पण 'अंमलात' या एका शब्दावर निदान आठवडाभर बैठका होतात. हप्ता थकलाय पण सवलतीचे दिवस चालू आहेत, अशी पॉलिसी सहसा अंमलात धरतात. हप्ते बंद होऊन पेड-अप (कमी रकमेचा विमा चालू) किंवा वाढीव मुदतीच्या विम्यात (रक्कम तीच, पण ठराविक काळापुरती) गेलेली पॉलिसीही अंमलातच असते, पण सिस्टीममध्ये तिचा स्टेटस कोड वेगळा असतो आणि डेटा काढणारा मुलगा फक्त 'ॲक्टिव्ह' कोड उचलतो. हजारो माणसं गळतात ती इथे. सरेंडरचा अर्ज तारखेच्या आधी पोचला पण नोंद नंतर झाली, अर्ज आणि पहिला हप्ता आधी आला पण पॉलिसी नंतर निघाली, लॅप्स झालेली पॉलिसी नंतर पुन्हा चालू केली: या प्रत्येकाचं उत्तर योजनेच्या व्याख्यांत शोधायचं, तिथे नसेल तर वकिलाकडून लेखी घ्यायचं, आणि मगच क्वेरी, म्हणजे सिस्टीममधून यादी काढायची आज्ञा, लिहायची. उलट क्रमाने केलं तर जुनी क्वेरीच नियम होऊन बसते.

दुसरी गोष्ट: हक्क मालकाचा. ज्याच्या जिवाचा विमा आहे त्याचा नव्हे, हप्ता भरतो त्याचा नव्हे, नॉमिनीचाही नव्हे. रेकॉर्डमध्ये अशी ओळ समजा: विमा वडिलांच्या जिवाचा, हप्ता थोरल्या मुलाच्या बँक खात्यातून, लाभार्थी आई, आणि मालकाच्या रकान्यात कुटुंबाच्या ट्रस्टचं नाव. बिलिंगचा पत्ता मुलाचा. बिलिंग फाइलमधून यादी काढली तर पाकीट मुलाला जाईल, तो मतपत्रिकेवर सही करून पाठवेल आणि ते मत बाद होईल. पाकीट जायला हवं ट्रस्टच्या विश्वस्तांना. कर्जासाठी बँकेकडे तारण ठेवलेल्या पॉलिसीचा मालक बदलत नाही. पूर्ण हस्तांतर झालेलं असेल तर बदलतो. या दोन्हींना सिस्टीममध्ये एकच 'असाइनमेंट' कोड असतो. मूळ कागद उघडून बघण्याला पर्याय नाही.

ग्रुप पॉलिसीत मालक म्हणजे बहुधा नोकरी देणारी कंपनी किंवा संघटना. हातात सर्टिफिकेट असलेला कर्मचारी सहसा सभासद नसतो. मात्र पेन्शनच्या ग्रुप करारांत मोबदला हा कर्मचाऱ्यांच्या योजनेचा पैसा ठरू शकतो, म्हणून त्या पत्राचा मजकूर वेगळा लागतो. आणि म्युच्युअल कंपनीची उपकंपनी शेअर कंपनी असेल तर तिने दिलेल्या पॉलिसींवर सभासदत्व नसतं. लोगो तोच, लेटरहेड तेच, ग्राहकाला फरक कसा कळणार? कॉल सेंटरवर सर्वाधिक चिडलेले फोन याच लोकांचे येतात. त्यांच्यासाठी एक वेगळं, छोटं पत्र आधीच तयार ठेवा.

सभासदांमध्येही दोन वर्ग असू शकतात. कॅनडातल्या इकॉनॉमिकल इन्शुरन्सचं उदाहरण बघा. तिथे मताधिकार असलेले म्युच्युअल पॉलिसीधारक हजारापेक्षा कमी आणि मत नसलेले साधे पॉलिसीधारक काही लाख. कुणाला किती वाटा यावर दोन्ही बाजूंच्या समित्यांत वाटाघाटी झाल्या, टप्प्याटप्प्याने सभा झाल्या. २०१० मध्ये इरादा जाहीर झाला होता. डेफिनिटी या नावाने कंपनी शेअर बाजारात आली ती नोव्हेंबर २०२१ मध्ये. अशा ठिकाणी एकच नोटीस सगळ्यांना पाठवणं शक्यच नसतं.

आता नावं एकत्र करणं. एकाच माणसाच्या पाच पॉलिसी असतील तर पाकीट एकच, मत बहुतेक ठिकाणी एकच, पण वाटप पाचही पॉलिसींचं मोजायचं. मोबदल्याचे सहसा दोन भाग असतात: प्रत्येक पात्र मालकाला सारखा मिळणारा ठराविक भाग, आणि त्याच्या पॉलिसींनी कंपनीच्या पुंजीत किती भर घातली यावरून ॲक्च्युअरीने, म्हणजे विम्याच्या गणितज्ञाने, काढलेला बदलता भाग. मेटलाइफच्या २००० सालच्या रूपांतरात ठराविक भाग १० शेअरचा होता, स्टँडर्ड लाइफच्या २००६ मध्ये १८५ शेअरचा. एकच माणूस चुकून दोनदा मोजला तर त्याला ठराविक भाग दोनदा जातो. दोन माणसं चुकून एक केली तर एकाचा बुडतो. नाव आणि पत्ता जुळला म्हणून एकत्र करू नका, करदाता क्रमांक जुळायला हवा. तो जुळला तरी भूमिका बघा: स्वतःसाठी घेतलेली पॉलिसी आणि विश्वस्त म्हणून घेतलेली पॉलिसी हे दोन वेगळे मालक आहेत. आणि एका घरात एकच पाकीट पाठवून टपालखर्च वाचवायची छपाईवाल्यांची सवय इथे बंद करा. नवरा-बायको दोघेही सभासद असतील तर दोन पाकिटं, दोन मतपत्रिका.

हे झाल्यावर आकड्यांची शिडी कागदावर लिहा. समजा अंमलातल्या पॉलिसी ४,००,०००. उपकंपनीच्या आणि इतर अपात्र १८,०००. उरल्या ३,८२,०००. त्यांचे मालक ३,०५,०००. पत्ता चुकीचा असल्याचं आधीच माहीत आहे असे ६,०००. म्हणजे पाकिटं २,९९,०००. मग छापलेल्या संचांचा आकडा, मशीनने भरलेल्या पाकिटांचा आकडा आणि टपाल खात्याकडे दिलेल्या पोस्टेज स्टेटमेंटवरचा आकडा, तिन्ही २,९९,००० यायला हवेत. चाळीसाचा फरक आला आणि 'वाया गेलेले कागद असतील' असं कुणी म्हणालं, तर त्या चाळीस जणांची नावं मागा. पाठवल्याचं प्रतिज्ञापत्र याच शिडीवर उभं राहतं.

पाकिटात काय? सुनावणीची नोटीस, सभासदांच्या विशेष सभेची नोटीस, योजनेचा गोषवारा आणि प्रश्नोत्तरं, आर्थिक विवरणांसह सविस्तर माहितीपुस्तिका, मतपत्रिका, परतीचं पाकीट, आणि त्या व्यक्तीचं स्वतःचं कार्ड. या कार्डाला कमी लेखू नका. लोक पुस्तिका वाचत नाहीत, कार्ड वाचतात. त्यावर त्यांच्या पॉलिसींचे क्रमांक, अंदाजे वाटप, रोख हवी की शेअर याची निवड आणि कराचं प्रमाणपत्र असतं. परदेशी पत्त्यावरच्या लोकांसाठी ते प्रमाणपत्र वेगळं, आणि काही देशांत शेअर देता येत नसल्याने फक्त रोख. म्हणून त्यांचा संच वेगळा छापावा लागतो.

पत्राच्या पहिल्या पानावर माझ्या मते चारच गोष्टी हव्यात. पॉलिसीचं विमा संरक्षण, हप्ता आणि हमी दिलेले लाभ बदलत नाहीत. सभासद म्हणून असलेले मताचे आणि पुंजीतल्या वाट्याचे हक्क संपतील. बदल्यात काय मिळेल. आणि चौथी, जी हमखास आत कुठेतरी बाविसाव्या पानावर सापडते: तुम्ही काहीच केलं नाही तर काय होईल. मत न दिल्याने किंवा विरोधात दिल्याने मोबदला जात नाही, योजना मंजूर झाली तर तो मिळतोच, हे बऱ्याच योजनांत खरं असतं. तुमच्या योजनेत खरं असेल तर ठळक छापा. निवडीचं कार्ड परत आलं नाही तर शेअर मिळणार की रोख, तेही तिथेच. शेअर विकत घेण्याच्या हक्काचा प्रकार असेल तर मात्र काही न करणं म्हणजे हक्क गमावणं, तेव्हा शेवटची तारीख पहिल्या चार ओळींत हवी.

'कंपनीला हे रूपांतर का हवंय' या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर देऊ नका. ब्रिटनमधल्या एलव्ही या म्युच्युअल विमा कंपनीच्या सभासदांनी डिसेंबर २०२१ मध्ये बेन कॅपिटल या खासगी गुंतवणूक कंपनीला विक्रीचा प्रस्ताव पाडला. ६९ टक्के मतं बाजूने होती, हवी होती ७५ टक्के, आणि मतदान झालं होतं १५ टक्क्यांच्या आसपास. सभासदाला सरसकट १०० पौंड देऊ केले होते. म्युच्युअलपण का सोडायचं याचं पटणारं उत्तर मिळालं नाही, ही तक्रार तेव्हा सगळीकडे होती.

वेळेचं गणित मागून पुढे मांडा. कायद्यात आणि कंपनीच्या उपनियमांत वेगवेगळ्या मुदती असतील तर सर्वात लांबची धरा, आणि ती शेवटच्या खेपेपासून मोजा. लाखो पाकिटं एका दिवसात निघत नाहीत, दोन-तीन आठवडे लागतात. मी पहिली खेप सभेच्या ६० दिवस आधी आणि शेवटची ४५ दिवस आधी निघेल अशी आखणी करतो. कायदा यापेक्षा जास्त मागत असेल तर अर्थात तो. सुनावणी सभेच्या आधी असते, म्हणून तिची मुदत वेगळी तपासा. पत्ते राष्ट्रीय पत्ताबदल नोंदींशी जुळवून घ्या. फर्स्ट क्लासच्या सवलतीच्या दराला टपाल खात्याची अटच आहे की ही जुळवणी पाठवण्याआधीच्या ९५ दिवसांत झालेली असावी. मी ती छपाईच्या अगदी तोंडावर करतो, कारण तीन महिन्यांत बरेच लोक घर बदलतात. घर बदलल्यावर फर्स्ट क्लास टपाल साधारण १२ महिने नव्या पत्त्यावर पोचवतात, त्यानंतर परत येतं, हे लक्षात असू द्या.

छपाईतली एक चूक मात्र भयंकर. यादीतली नावं-आकडे पत्रांत भरताना (मर्ज) एक ओळ सरकते आणि पुढच्या सगळ्यांना शेजाऱ्याचं कार्ड जातं. पत्ता पत्रावरून, वाटप कार्डावरून, दोन वेगळे कागद, मशीनला काही कळत नाही. उपाय कंटाळवाणा आहे: दोन्ही कागदांवर एकच बारकोड, मशीनवर जुळणी, आणि शिवाय प्रत्येक खेपेतून सुरुवातीची, मधली आणि शेवटची काही पाकिटं फोडून फाइलशी हाताने ताडून बघणं. तेव्हाच पाकीट हातात धरून हलवा, टेबलावर आपटा, आणि खिडकीतून पत्त्याशिवाय काही दिसतंय का बघा. कागद आत सरकला की खिडकीत करदाता क्रमांक येऊ शकतो.

कॉल सेंटर तुमच्याकडेच असेल तर पहिली खेप निघायच्या आदल्या दिवशी ते तयार हवं. फोन ठरलेले असतात. हे खरं आहे की फसवणूक? मला काही भरायचंय का? विरोधात मत दिलं तर पैसे जातील का? शेअरचा भाव किती निघेल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कुणीही, अगदी अंदाजानेही द्यायचं नाही. बाजारात यायच्या तयारीतली कंपनी असते आणि फोन घेणाऱ्या एकाच्या वाक्यावरून नियामक विचारणा करू शकतो. मत कसं द्यावं हेही सांगायचं नाही. कराबद्दल एकच वाक्य: आपल्या कर सल्लागाराला विचारा. मिळालेल्या शेअरची मूळ किंमत काय धरायची यावर तिथल्या न्यायालयांतही एकमत झालेलं नाही. २००८ च्या फिशर खटल्यात करदात्याच्या बाजूने निकाल लागला, २०१५ च्या डोरन्स खटल्यात अपील न्यायालयाने किंमत शून्य धरली.

आपल्याकडचे सहकारी इथे एलआयसीचं उदाहरण देतात. २०२२ च्या आयपीओत पॉलिसीधारकांना राखीव हिस्सा होता आणि ९४९ रुपयांच्या भावावर ६० रुपये सूट, पण ते डीम्युच्युअलायझेशन नव्हतं; एलआयसी सरकारची होती, हक्क सोडायचा प्रश्नच नव्हता. एक साम्य मात्र आहे. तिथेही लोक अडकले ते रेकॉर्डवर: २८ फेब्रुवारी २०२२ पर्यंत पॅन पॉलिसीला जोडलेला नव्हता, किंवा पॉलिसी एकाच्या नावावर आणि डीमॅट दुसऱ्याच्या.

आता परत आलेली पाकिटं. ती फेकायची नाहीत, मोजायचीही नुसती नाहीत. प्रत्येक पाकिटावरचं टपाल खात्याचं कारण नोंदवा: नवा पत्ता दिलेला असेल तर त्याच आठवड्यात पुन्हा पाठवा, 'पत्ता अपुरा' असेल तर बहुतेक वेळा फ्लॅटचा क्रमांक गळलेला असतो, तो जुन्या अर्जात सापडतो, 'माहीत नाही' असेल तर विमा एजंटकडे, मग पत्ता शोधणाऱ्या संस्थेकडे. मालक वारल्याचं कळलं तर नावावर रेघ मारू नका. पात्रता तारखेला तो हयात होता का ते बघा. असेल तर हक्क त्याच्या वारसांकडे किंवा इस्टेटीकडे जातो. सभेला दहा दिवस उरल्यावर सापडलेल्या पत्त्यावरही पाकीट पाठवा. मत वेळेत येणार नाही, पण मोबदल्यासाठी तो माणूस सापडलेला असेल.

जे सापडतच नाहीत त्यांचा मोबदला काही काळाने राज्याच्या बेवारस मालमत्ता खात्याकडे जमा करावा लागतो, आणि कित्येक राज्यांनी डीम्युच्युअलायझेशनच्या रकमेसाठी ही मुदत नेहमीपेक्षा कमी ठेवली आहे. कोणता पत्ता कधी वापरला, पाकीट कधी परत आलं, पुन्हा कधी पाठवलं, ही नोंद एकेका माणसापुढे तारखेसह हवी, कारण मुदत त्याच तारखांवरून मोजतात. यादीतले काही पत्ते भारतातले निघतील, तिकडे नोकरी करून परत आलेल्यांचे. त्यांना साध्या टपालाने पाठवलेलं पाकीट सभेनंतर पोचतं, त्यांच्यासाठी कुरिअर धरा. शेअर मिळाल्यावर त्यांना इथल्या आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावे लागू शकतात, पण ते त्यांच्या सीएने सांगायचं. तुमच्या पत्रात ते नको.

योजनेचा मसुदा हातात आला की आधी व्याख्यांचं पान उघडा आणि 'मालक', 'अंमलात', 'पात्रता तारीख' या तीन शब्दांसमोर तुमच्या सिस्टीममधले कोड लिहून काढा. जिथे कोड सापडणार नाही, ती क्लायंटला विचारायच्या प्रश्नांची पहिली यादी.